चॅप्लिन सोडून बाकीचे: विसरलेल्या मूक कॉमेडी फिल्म्स जमवायच्या कशा

मूक कॉमेडी म्हटलं की आपल्या डोक्यात आधी चॅप्लिन येतो, जरा जास्त बघणाऱ्यांच्या डोक्यात कीटन आणि लॉरेल-हार्डी येतात, आणि तिथे गाडी थांबते. अमेरिकेत पण वेगळं काही झालेलं नाहीये. १९४९ मध्ये जेम्स एजी नावाच्या समीक्षकाने लाइफ मासिकात मोठा लेख लिहिला, त्यात चौघांना डोक्यावर घेतलं, चॅप्लिन, कीटन, हॅरल्ड लॉइड आणि हॅरी लँग्डन, आणि तेव्हापासून ती चौकडी जी ठरली ती ठरलीच. त्या काळात आठवड्यागणिक दोन-दोन रिळांच्या फिल्म्स काढणारी बाकीची फौज, चार्ली चेस, रेमंड ग्रिफिथ, मॅक्स डेव्हिडसन, लॉइड हॅमिल्टन, ल्युपिनो लेन, स्नब पोलार्ड, ॲलिस हॉवेल, ही सगळी मंडळी "इत्यादी" मध्ये गेली. मी जमवते ते हे इत्यादी. बरेच जण विचारतात की सुरुवात कशी करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी हे की यात मजा काय आहे, कारण ते कळलं नाही तर पुढचं सगळं नुसतं जुनं प्लास्टिक गोळा करणं आहे.

चॅप्लिनची फिल्म तुम्ही विकत घेतलीत तर तुमच्याकडे चॅप्लिनची एक फिल्म आली, बस. त्याच्यापेक्षा चांगली प्रिंट कुठल्यातरी आर्काइव्हमध्ये आहे, रिस्टोअर झालीये, ब्लू-रे निघालीये, तुमच्या डब्याने जगात काही फरक पडत नाही. पण स्नब पोलार्डचं एखादं रीळ किंवा कुठल्या नाव पुसलेल्या कॉमेडियनचा साडेनऊ एमएमचा (एमएम म्हणजे फिल्मची रुंदी) तुकडा हाती लागला तर शक्यता असते की त्या फिल्मचं जगात एवढंच उरलंय. ही शक्यता थापेबाजी नाहीये. लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी डेव्हिड पिअर्सने २०१३ मध्ये अभ्यास केला, त्यात १९१२ ते १९२९ या काळातल्या १०,९१९ अमेरिकन मूक फीचर फिल्म्स मोजल्या, आणि मूळ रूपात, म्हणजे रिलीज झाली तशी ३५ एमएमवर, त्यातल्या फक्त १४ टक्के उरल्यात. अजून ११ टक्के उरल्यात त्या परदेशी आवृत्त्यांमध्ये किंवा छोट्या फिल्मवर. आणि ही मोजदाद लांबीच्या फिल्म्सची, छोट्या कॉमेडी यात धरलेल्याच नाहीत.

गेल्या कुठे, तर काही टॉकी आल्यावर किंमत शून्य म्हणून फेकल्या, काही चांदी काढायला वितळवल्या, आणि बऱ्याच जळाल्या. १९३७ च्या जुलैमध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरीला फॉक्सच्या गोदामाला भर उन्हाळ्यात आग लागली, आत नायट्रेट फिल्म, म्हणजे भडकन पेटणारी जुनी फिल्म, रचून ठेवलेली, आणि त्यात एज्युकेशनल पिक्चर्स या कॉमेडी कंपनीच्या मूक फिल्म्सचा मोठा साठा गेला. लॉइड हॅमिल्टन आज कुणाला माहीत नाही याचं एक कारण हेच, माणूस विनोदी नव्हता असं नाही, त्याच्या फिल्म्सच गेल्या.

मग ज्या उरल्या त्या कशा उरल्या? इथेच आपल्यासारख्यांचा संबंध येतो. १९२० च्या दशकात कोडक आणि पाथे या कंपन्यांनी घरी बघायच्या छोट्या प्रिंट काढल्या, भाड्याने दिल्या, विकल्या, श्रीमंत लोकांनी वाढदिवसाला पोरांना दाखवल्या आणि मग कपाटात टाकून विसरले. स्टुडिओतली निगेटिव्ह जळाली आणि कपाटातली खेळण्यासारखी प्रिंट वाचली. बेन मॉडेल नावाचा न्यूयॉर्कचा मूकपटांचा पियानोवादक आहे, तो स्वतः संग्राहक, त्याने आपल्याकडच्या अशाच १६ एमएम प्रिंट्सच्या डीव्हीडी काढल्या आणि मालिकेचं नाव ठेवलं "ॲक्सिडेंटली प्रिझर्व्ह्ड". चुकून वाचलेल्या. या छंदाचं एवढ्या दोन शब्दांत वर्णन दुसऱ्या कुणी केलेलं मला माहीत नाही.

आधी बघा, मग घ्या

पैसे काढायच्या आधी महिनाभर नुसतं बघा. बहुतेक गोष्टी नेटवर आहेत किंवा डिस्कवर निघाल्यात.

सुरुवात मॅक्स डेव्हिडसनच्या "पास द ग्रेव्ही" (१९२८) पासून करा, घरच्यांना सोबत घेऊन. गोष्ट एवढीच की शेजाऱ्याचा बक्षीस मिळालेला लाडका कोंबडा आहे, मॅक्सच्या पोराच्या हातून तो मरतो आणि शिजून टेबलावर येतो, आणि जेवायला कोण बसलंय तर तोच शेजारी. कोंबड्याच्या तंगडीला पहिल्या नंबरचा बिल्ला अजून तसाच लटकतोय! पोरांना दिसलाय, बापाला दिसलेला नाही, शेजाऱ्याला दिसता कामा नये. मग पोरं बापाला खुणेने सांगायला बघतात, शेजाऱ्याच्या पाठीमागे उभं राहून अख्खा कोंबडा कसा मेला याचं नाटक करून दाखवतात, आणि बाप आपला कौतुकाने हसतोय की पोरं काय छान करमणूक करतायत पाहुण्यांची. एक टेबल, पाच-सहा माणसं, एक तंगडी. कुणी इमारतीवरून लटकत नाही, कुणी ट्रेनखाली येत नाही. आमच्या सासूबाईंनी ही बघितली तेव्हा टायटल कार्ड, म्हणजे मध्ये मध्ये येणाऱ्या मजकुराच्या पाट्या, वाचून दाखवायची गरजच पडली नाही, एरवी त्यांना इंग्रजी सिनेमा पाच मिनिटं चालत नाही.

नंतर चार्ली चेसची "मायटी लाइक अ मूस" (१९२६), लिओ मॅकॅरी दिग्दर्शक. नवऱ्याचे दात पुढे, बायकोचं नाक मोठं, दोघं एकमेकांना न सांगता डॉक्टरकडून सुधारून येतात, बाहेर भेटतात, ओळखत नाहीत आणि एकमेकांवर लाइन मारायला लागतात. पुढे चेस स्वतःच स्वतःशी मारामारी करतो, नवरा पण तोच आणि प्रियकर पण तोच, ते बघाच. चेस मला या सगळ्यांत जवळचा वाटतो कारण तो जोकर नाहीये, चांगले कपडे घातलेला मध्यमवर्गीय गृहस्थ आहे आणि त्याची एकच भीती आहे, लोक काय म्हणतील. आपल्याला यापेक्षा ओळखीचं काय असणार.

चार्ली बॉवर्स म्हणजे वेगळंच प्रकरण. "एग्ड ऑन" (१९२६) मध्ये तो न फुटणारी अंडी बनवायचं मशीन काढतो, आणि अंडी गाडीच्या इंजिनावर ठेवली जातात, ऊब मिळते, फुटतात आणि आतून छोट्या छोट्या फोर्ड गाड्या बाहेर येतात. एकेक फ्रेम हलवून केलेलं ॲनिमेशन, शंभर वर्षांपूर्वीचं. या माणसाला जग पूर्ण विसरलं होतं, १९६० च्या दशकात फ्रान्समधल्या तुलूझच्या सिनेमातेकमध्ये, म्हणजे तिथल्या फिल्म आर्काइव्हमध्ये, रेमों बोर्द यांच्या हाती काही डबे लागले, त्यावर "ब्रिकोलो" असं फ्रेंच नाव, आणि हा ब्रिकोलो कोण हे शोधता शोधता बॉवर्स सापडला. आता त्याची ब्लू-रे मिळते.

रेमंड ग्रिफिथ पण बघा, "हँड्स अप!" (१९२६), रेशमी टोपी घातलेला थंड डोक्याचा हेर. या बिचाऱ्याचा आवाज बसलेला, घोगरं कुजबुजल्यासारखं बोलायचा, म्हणजे टॉकी आल्यावर नट म्हणून कामच संपलं. "ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट" (१९३०) मध्ये खड्ड्यात मरणारा फ्रेंच सैनिक आहे ना, एक शब्द न बोलणारा, तो हाच.

एक सूचना. यूट्यूबवर धुरकट, भलत्याच स्पीडने पळणारी कॉपी बघून कुणाला नापास करू नका. कॉमेडी ही टायमिंगवर चालते, चेहरा दिसला नाही आणि स्पीड चुकला तर उरतं काय, माकडउड्या. आणि दुसरी, या फिल्म्समध्ये वंशावरून, धर्मावरून केलेले विनोद बरेच आहेत, तोंडाला काळं फासलेले नट आहेत, खुद्द डेव्हिडसनचं सगळं करिअर ज्यू माणसाच्या ठरावीक नकलेवर उभं आहे. लपवायचं कारण नाही पण लहान मुलांना दाखवायच्या आधी स्वतः एकदा बघून घ्या.

एक धागा पकडा

सगळंच जमवायला गेलात तर घरात डबे होतील आणि संग्रह होणार नाही. एक नट घ्या, किंवा एक स्टुडिओ घ्या, हाल रोच सगळ्यात सोपा कारण त्यांचं बरंच उरलंय आणि दर्जा सांभाळलेला आहे. विनोदी बायका हा पण धागा मस्त आहे आणि अजून स्वस्त आहे, मेबल नॉर्मंड सोडली तर बाकीच्यांची नावं कुणी घेत नव्हतं, २०२२ मध्ये "सिनेमाज फर्स्ट नॅस्टी विमेन" नावाचा ९९ फिल्म्सचा संच निघाला त्यानंतर जरा लोक बघायला लागलेत. त्यात घर फोडणाऱ्या, मालकाला छळणाऱ्या मोलकरणी आहेत, १९१० च्या आसपासच्या युरोपातल्या, धमाल आहेत.

किंवा गाव पकडा. मी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहते, इथे किती मराठी माणसं आहेत ते सांगायला नको, पण त्यातल्या कितींना माहीत असतं की आपल्याच गावातल्या नाइल्स भागात एसने कंपनीचा स्टुडिओ होता आणि १९१५ मध्ये चॅप्लिनने "द ट्रॅम्प" इथे केला? तिथे आता मूकपटांचं म्युझियम आहे, जुन्या एडिसन थिएटरमध्ये, लाकडी खुर्च्या, पडद्याशेजारी पियानो, आणि फिल्मवरून शो होतात. बे एरियात असाल तर विकत घ्यायच्या आधी तिथे जाऊन बसा, प्रोजेक्टरवाल्या काकांशी गप्पा मारा, दहा लेखांइतकं शिकाल.

कीस्टोन या स्टुडिओपासून मात्र सुरुवात करू नका. त्या फिल्म्स इतक्या वेळा नाव बदलून, कापून, जोडून परत विकल्या गेल्यात की नवीन माणूस गोंधळतो. त्या दुसऱ्या वर्षाला ठेवा.

एमएमचा हिशोब

थोडं तांत्रिक आहे पण हे कळल्याशिवाय जाहिरात वाचता येत नाही.

३५ एमएम म्हणजे थिएटरची फिल्म. घरी नको. १९५० च्या दशकाच्या आधीची ३५ एमएम नायट्रेट असू शकते, ती एकदा पेटली की पाण्याखाली पण जळते कारण जळताना स्वतःच ऑक्सिजन सोडते, आणि पोस्टाने पाठवणं बेकायदा आहे. कोडकने ती बनवायचं १९५१ मध्ये थांबवलं. कुठे सापडली तर उघडत बसू नका, काडी लावून तुकडा जाळून बघायचे सल्ले नेटवर असतात ते तर मुळीच ऐकू नका, सरळ एखाद्या आर्काइव्हला फोन करा.

१६ एमएम १९२३ ला आली, कोडकने ती पहिल्यापासून सेफ्टी बेसवर काढली, म्हणजे भडकत नाही. आपल्या कामाची खरी फिल्म ही. जुन्या कोडास्कोप लायब्ररीच्या, म्हणजे कोडक घरी बघायला भाड्याने द्यायची त्या, प्रिंट मिळाल्या तर सोनं, बऱ्याच मधाच्या रंगाच्या असतात आणि चित्र इतकं स्वच्छ की वाटत नाही एवढी जुनी आहे.

साडेनऊ एमएम ही फ्रेंच गंमत आहे. पाथेने १९२२ मध्ये काढली, भोकं कडेला नसून मधोमध, दोन फ्रेमच्या मध्ये, त्यामुळे चित्राला जवळजवळ पूर्ण रुंदी मिळते. आणि फिल्म वाचवायला त्यांनी काय युक्ती केली तर टायटल कार्डाच्या फक्त दोन-तीन फ्रेम छापायच्या आणि काठाला एक खाच पाडायची, खाच आली की प्रोजेक्टर आपोआप तिथे थबकायचा, तुम्ही वाचेपर्यंत चित्र थांबलेलं, मग पुढे. आज अशी फिल्म सरळ स्कॅन केली तर कार्डं डोळ्याचं पातं लवायच्या आत निघून जातात, ती एडिटिंगमध्ये हाताने लांबवावी लागतात. स्कॅनवाल्याला हे आधी सांगा, नाहीतर तो म्हणेल फिल्म खराब आहे. युरोपातल्या कॉमेडियन्ससाठी साडेनऊ ही खाण आहे, पण प्रोजेक्टर आणि स्कॅनिंग दोन्ही मिळायला कठीण, तेव्हा विचार करून पडा.

८ एमएम १९३२ ची, सुपर ८ १९६५ ची. यात आयोवातल्या डॅव्हेनपोर्टच्या ब्लॅकहॉक फिल्म्स कंपनीचा माल सगळ्यात जास्त फिरतो. स्वस्त, भरपूर, आणि शिकायला उत्तम. दुर्मीळ काही मिळेल अशी आशा कमी पण लॉरेल-हार्डी, चेस, लँग्डन स्वतःच्या भिंतीवर बघायचे तर इथून सुरू करा.

लांबीचं गणित पाठ करा. ३५ एमएमचं १००० फुटांचं एक रीळ १६ एमएमवर ४०० फूट होतं आणि ८ एमएमवर २०० फूट. म्हणजे दोन रिळांची कॉमेडी पूर्ण असेल तर १६ एमएमवर ८०० च्या आसपास आणि ८ एमएमवर ४०० च्या आसपास भरली पाहिजे. जाहिरातीत "कम्प्लीट टू-रीलर" लिहिलंय आणि ८ एमएमचं २०० फुटांचं एकच रीळ फोटोत दिसतंय, तर अर्धी फिल्म कुठे गेली ते विचारा.

बाजारात

ईबे आहेच. त्याशिवाय फिल्म फेस्टिव्हल्समधल्या विक्रेत्यांच्या खोल्या, अँटिकचे बाजार, म्हाताऱ्या माणसांच्या घरातला माल विकायला काढतात ते एस्टेट सेल. आमच्याकडे अलमीडाला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रचंड बाजार भरतो, सकाळी लवकर जा, प्रोजेक्टर विकायला ठेवलेला दिसला की विक्रेत्याला विचारा "यासोबत रिळं होती का?", बऱ्याचदा रिळं गाडीतच पडलेली असतात कारण कुणी घेत नाही असं त्याला वाटतं.

भारतातून मागवणाऱ्यांनी टपालखर्च आणि कस्टम्स आधीच किमतीत धरा, कारण पंधरा डॉलरच्या रिळावर त्याहून जास्त खर्च सहज बसतो. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, इथे चक्कर मारायला हरकत नाही पण मूक कॉमेडीच्या नावाने मिळालंच तर ८ एमएमचा चॅप्लिन मिळेल असं धरून चला. आपल्याकडच्या मूक विनोदी फिल्म्सचं काय, तर फाळक्यांनीसुद्धा १९१४ मध्ये "पिठाचे पंजे" नावाची छोटी विनोदी फिल्म केली होती, आणि कालिपद दास यांची बंगाली "जमाई बाबू" (१९३१) ही आज बघायला उरलेल्या मोजक्यांपैकी. पण भारतीय मूकपट बाजारात मिळणं जवळजवळ अशक्य, आणि कुठे वाड्यात, जुन्या टुरिंग टॉकीजच्या सामानात डबे दिसलेच तर भाव करत बसू नका, पुण्याच्या फिल्म आर्काइव्हला कळवा.

भावाबद्दल एक गोष्ट सांगते. २००९ मध्ये इंग्लंडमध्ये एकाने ईबेवर ३ पौंड २० पेन्सला एक डबा घेतला, डबा आवडला म्हणून, आतली फिल्म निघाली "झेप्ड", १९१६ ची, चॅप्लिनचे तुकडे आणि झेपेलिन या हवाई जहाजाचं ॲनिमेशन जोडून केलेली. जगभर बातम्या. २०११ मध्ये लंडनला लिलावात ठेवली, सहा आकडी पौंडांची अपेक्षा होती, आणि विकली गेलीच नाही. म्हणजे दुर्मीळ असणं आणि गिऱ्हाईक असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ही चॅप्लिनची कथा, ल्युपिनो लेनला कोण विचारतो. यात पैसे गुंतवायला येत असाल तर सोनं घ्या, सरळ.

घेताना काय तपासायचं

नाक आधी. डबा उघडला की व्हिनेगरचा वास आला तर ॲसिटेट, म्हणजे सेफ्टी फिल्मचा बेस, कुजायला लागलंय, ते परत फिरत नाही आणि शेजारच्या रिळांना पण लागतं. वास हलका असेल आणि फिल्म दुर्मीळ असेल तर घ्या पण वेगळ्या खोलीत ठेवा आणि लगेच स्कॅनला पाठवा, साधी ब्लॅकहॉक असेल तर सोडून द्या.

मग आकसलीये का ते. त्याच एमएमची नवीन फिल्म घ्या, जुनीच्या शेजारी सपाट ठेवा, पहिलं भोक जुळवा आणि शंभर भोकं मोजा. शंभराव्याला एका भोकाइतका फरक दिसला म्हणजे एक टक्का आकसलीये, आणि तेवढ्यावर प्रोजेक्टरमध्ये घालायचा मोह आवरा, दात भोकात बसत नाहीत, भोकं फाटत जातात आणि तुम्हाला आवाज येईपर्यंत वीस फूट गेलेले असतात. अशी फिल्म दाते नसलेल्या स्कॅनरवरच.

काठावर बघा. कोडकच्या फिल्मवर बारीक चौकोन, गोल, त्रिकोण छापलेले असतात, ते कच्ची फिल्म कुठल्या वर्षी बनली त्याची खूण. पण तीच चिन्हं वीस वर्षांनी परत येतात, म्हणजे १९२६ की १९४६ ते बाकीच्या गोष्टींवरून ठरवायचं, आणि ती तारीख प्रिंटची, फिल्मची नव्हे. १९२६ ची कॉमेडी १९५६ च्या प्रिंटवर असणं अगदी नॉर्मल.

सामान फार लागत नाही, हाताने फिरवायचे दोन रिवाइंड, एक भिंग, मागून उजेड देणारी पाटी, सुती हातमोजे, फिल्म जोडायचा स्प्लायसर आणि फिल्मची स्वतःची टेप. घरातली सेलोटेप लावलेली रिळं बघितली की जीव कळवळतो, तिचा गोंद वितळून पुढच्या वेढ्यांना चिकटतो. नवीन आलेलं रीळ आधी हातावर पूर्ण फिरवून बघायचं, बोटाला काठ फाटलेला लागतो, जुने जोड कळतात, आणि भिंगातून चेहरे बघत बसायला जी मजा येते ती वेगळीच, कधी कधी प्रोजेक्टर लावायचा राहूनच जातो.

हा कोण?

टायटल कार्ड गायब असणं हे नेहमीचंच. पहिल्या काही फुटांची झीज सगळ्यात जास्त होते, त्यामुळे नाव आधी जातं. मग डिटेक्टिव्हगिरी.

नाव असलं तरी विश्वास ठेवू नका, घरगुती प्रिंटला कंपन्या मनाला येईल ते नाव द्यायच्या. आणि देशागणिक नटाचं नाव बदलायचं, लॅरी सेमन इटलीत रिदोलिनी आणि फ्रान्समध्ये झिगोतो, मार्सेल पेरेझ इटलीत रॉबिने आणि अमेरिकेत ट्वीडलडम. डब्यावर "रिदोलिनी" लिहिलंय आणि विक्रेत्याला माहीत नाही, तर तुमची चांदी.

बाकी पुरावे चित्रात असतात. गाडीच्या नंबरप्लेटवरचं वर्ष, भिंतीवरची पोस्टरं, दुकानांची नावं, बायकांच्या स्कर्टची लांबी, मागे उभे असलेले साइड ॲक्टर. मुख्य नट ओळखता आला नाही तरी मागचा मिशीवाला ओळखता येतो आणि तो कुठल्या स्टुडिओत नोकरीला होता ते माहीत असतं. व्हर्जिनियात कल्पेपरला लायब्ररी ऑफ काँग्रेसचं फिल्म केंद्र आहे, तिथे २०१२ पासून काही वर्षं "मोस्टली लॉस्ट" नावाची कार्यशाळा व्हायची, अनोळखी फिल्म्स पडद्यावर लावायच्या आणि प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं, ही गाडी अमुक सालची, हा रस्ता लॉस एंजेलिसचा तमुक, तो वेटर बघा तो अमक्याच्या फिल्ममध्ये होता! थिएटरमध्ये फोन आणि लॅपटॉप चालू ठेवायला परवानगी, उलट आग्रह. 

आणि मागच्या लोकांकडे बघायचं याचा सगळ्यात भारी नमुना म्हणजे "अ थीफ कॅचर". १९१४ ची कीस्टोन, हिरो फोर्ड स्टर्लिंग, ज्याला आज कुत्रं विचारत नाही. मिशिगनमधल्या अँटिक शोमध्ये एका संग्राहकाने एक जुनी कीस्टोन एवढ्याच भावनेने ते १६ एमएमचं रीळ घेतलं. नंतर चालवून बघतो तर मध्येच पोलिसाच्या वेशात चॅप्लिन येतो. २०१० मध्ये ती परत पडद्यावर दाखवली गेली, आणि चॅप्लिनवर इतकी वर्षं घासलेल्या अभ्यासकांच्या यादीत एक फिल्म वाढली. फोर्ड स्टर्लिंग बघायची तयारी होती म्हणून.

ठेवायचं कसं, दाखवायचं कसं

थंड आणि कोरडं, एवढंच. गॅरेज, माळा, गॅलरी, तिन्ही बाद. हवा खेळेल असे प्लास्टिकचे डबे घ्या, गंजलेले पत्र्याचे फेका, आणि डब्यातला जुना कागद, रबरबँड काढून टाका (कागदावर काही लिहिलेलं असेल तर फोटो काढून मगच). मुंबई-कोकणातल्या लोकांना पावसाळा हा खरा शत्रू, बुरशी एकदा इमल्शनमध्ये, म्हणजे फिल्मवरच्या चित्राच्या थरात, शिरली की चित्रावर जाळं दिसतं, तेव्हा घरातली जी खोली एसीची आहे तिथेच ठेवा, आणि डबे आडवे ठेवा.

स्कॅन करून घ्या, एकेक फ्रेमचं. भिंतीवर प्रोजेक्टर लावून मोबाइलने शूट केलेलं म्हणजे स्कॅन नव्हे. अमेरिकेत १९२९ पर्यंतच्या फिल्म्स कॉपीराइटमधून सुटल्यात, भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रसिद्धीपासून साठ वर्षांचा आहे, त्यामुळे तुमच्या प्रिंटचा स्कॅन नेटवर टाकायला सहसा अडचण नाही. पण दुसऱ्याच्या डीव्हीडीवरचं नवीन संगीत उचलून लावू नका, ते आजच्या माणसाचं काम आहे.

टाका मात्र नक्की. काही संग्राहक डबे दाबून बसतात, आपल्याकडेच एकुलती एक प्रिंट आहे याचा त्यांना आनंद असतो, मला ते कधीच कळलं नाही, कॉमेडी एकट्याने बघून काय करणार? चार-आठ माणसं बोलवा. स्पीड सेकंदाला सोळा ते अठरा फ्रेमपासून सुरू करा आणि माणसं नैसर्गिक चालतायत का ते बघत वाढवा, विसाच्या दशकाच्या शेवटच्या फिल्म्सना जास्त स्पीड लागतो. पूर्ण शांततेत लावू नका, लोकांना हसायला लाज वाटते. पियानो नसेल तर साधी हार्मोनियम चालते, आमच्याकडे एक मित्र नाट्यसंगीताच्या चाली द्रुत लयीत वाजवतो आणि चार्ली चेसला त्या इतक्या फिट्ट बसतात की विचारू नका.

लेबल

शेवटचं काम कंटाळवाणं आहे, प्रत्येक डब्यावर आणि रिळाच्या सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर नाव लिहायचं, कितवं रीळ, किती फूट, कुणाकडून घेतलं. यादी कॉम्प्युटरवर वेगळी.

लॉरेल-हार्डीची "द बॅटल ऑफ द सेंच्युरी" (१९२७), ती तोंडावर पाय (केकसारखा गोड पदार्थ, pie) फेकाफेकीवाली, तिचं दुसरं रीळ कित्येक दशकं हरवलेलं होतं. रॉबर्ट यंगसनने १९५७ मध्ये आपल्या संकलनपटात त्यातले तुकडे वापरले, लोकांना माहीत तेवढेच. प्रिंट यंगसनच्या संग्रहातून गॉर्डन बर्को या संग्राहकाकडे गेली, तो वारल्यावर त्याचा संग्रह जॉन मिर्सालिसने घेतला, आणि २०१५ मध्ये डबे लावता लावता त्याला एका डब्यावर दिसलं, "बॅटल ऑफ द सेंच्युरी, आर २". पूर्ण रीळ आत. लिहिलेलं होतं म्हणून सापडलं, नसतं तर कुणीतरी उघडून "लॉरेल-हार्डी, आपल्याकडे आहे" म्हणून बाजूला ठेवलं असतं.

तेव्हा मार्कर घ्या आणि लिहा. यादीची एक प्रत घरच्यांकडे द्या, आपल्या मागे कुठल्या आर्काइव्हला किंवा कुठल्या मित्राला फोन करायचा ते त्यावरच टाका. आणि दिवाळीची साफसफाई निघाली की घरात सगळ्यांना आधीच बजावून ठेवा, कपाटाच्या खालच्या खणातले डबे विचारल्याशिवाय भंगारवाल्याला द्यायचे नाहीत, कितीही वास येत असला तरी.